काल दुपारी दोन ते पाच

“आमच्या घरात बिमार कोनी नाही, बाई. दुसरं घर पाहा तुमी,” सोजरबाई दारात आडवा हात लावून म्हनून राह्यली होती, आन तिच्या मागं चार हातावर, तट्ट्याच्या पल्याड, तिचा पोरगा धोंडीबा बापाच्या बुडाखालचं भांडं ओढून काढत होता. “कोनीतरी चुगली केली असंल. माहा मालक बरा हाय. वावरात गेला.” वावरात गेला म्हने. धोंडीबाच्या कानशिलात तडकलं. वावरात गेलेला मानूस इथं त्याच्यासमोर उताना पडेल होता, उजवा हात दुसऱ्या कोनाचा असावा तसा गोधडीवर टाकेल, आन तोही ऐकत होता. धोंडीबानं गोधडी त्याच्या कमरेवर ओढली, भांडं उचललं, आन मागच्या मोरीकडं जायचं सोडून सरळ दाराकडं चालला. मायच्या हाताखालून वाकून निंगला आन भांडं वसरीवर, त्या शहरी बाईच्या चपलांपासून हातभरावर ठेवलं. “हे काय हाय मंग?” तो म्हनला. “हे वावरातून आलं काय?”

मायनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. एक नाही, तीन. “तोंड काळं कर मेल्या! लाज इकली काय रे?” तिनं पाटी आनून भांड्यावर पालथी घातली, मंग तसंच्या तसं उचलून मागं घेऊन गेली. धोंडीबाचं ध्यान मायकडं नव्हतंच. तो बाईकडं पाहत होता. त्याले पाहायचं होतं का नाक झाकते का नाही. सारे झाकतात. मावशी झाकते, वार्डातले झाकतात, गल्लीतली दवाखान्याची आशा वर्कर देवकाबाई तर फाटकातूनच पदर तोंडावर घेते, आन तिनंच ही बाई इथं आनून सोडली होती. ह्या बाईनं नाक नाही झाकलं. पन पायाची बोटं चपलेत आखडली. धोंडीबाले तेवढं दिसलं, आन त्याले बरं वाटलं, कोनाचं तरी खोटं पकडल्यावानी. मंग ती बाई म्हनली, “तुमचं नाव काय?” धोंडीबानं मागं वळून पायलं. मागं कोनी नव्हतं. सतरा वर्सं झाली होती त्याले ह्या बोथ गावामधी, धोंड्या, अबे, पोट्ट्या, मेल्या, सारं ऐकून झालं होतं. तुमचं असं आजपोतर कोनी म्हनलं नव्हतं. त्याले रागच आला. “कायले पायजे?” तो म्हनला.

बाई हैदराबादची होती. मराठी बोलत होती, पन पुस्तकातलं, धुवून वाळू घातलेलं. म्हने आमचा अभ्यास चालू आहे. म्हने घरातल्या आजारी माणसाची काळजी कोण घेतं, रोज किती वेळ घेतं, हे कुणी धरतच नाही, दवाखाने मोजतात, खाटा मोजतात, घरातला हा वेळ मोजत नाही. “यातून तुम्हाला थेट काही मिळणार नाही,” बाई म्हनली, “हे आधीच सांगावं लागतं मला.” “मंग आल्या कायले?” “विचारायला. नको म्हणालात तर उठून जाईन.” धोंडीबाले वाटलं म्हनावं, नको. जा. बसा तुमच्या गाडीत. लयी आले असे कागदं घेऊन. शौचालयाचे आले, आधारचे आले, डेंग्यूचे आले. तिच्या कागदावर वरती जिल्ह्याचं नाव छापेल होतं आन त्याखाली चार मंडलांच्या, तालुकेच म्हना, नावावर पेनानं काट मारेल होती, कारन दसऱ्याले जिल्ह्याचे चार तुकडे झाले आन कागदं आधीचे छापेल. मुधोळची मावशी निर्मल जिल्ह्यात गेली. मावशी तिथंच हाय, तिची चूल तिथंच हाय, जिल्हा निंगून गेला. तवा नाक्यावरच्या चहावाल्यानं धोंडीबाले आवाज देला होता, “काय बे, तुझ्या बापाचाबी उजवा जिल्हा येगळा झाला म्हनते?” सारे हासले होते. धोंडीबानं ग्लास त्याच्या भट्टीवर फोडला होता. आता ते आठवलं आन हाताची मूठ आपोआप वळली, आन त्या मुठीनंच त्यानं आतली खुर्ची ओढून बाईसमोर आपटली. “बसा,” तो म्हनला.

त्याले मायचा राग होता, बाईचा नाही. मायचं हे खोटं पयलं नव्हतं. बापाले लकवा मारला तो उन्हाळा नव्या राज्याचा होता, सारीकडं गुलाल, गाड्यायवर पोट्टे, फटाके, आन बाप बाजारात वांग्याच्या ढिगामागं बसल्या जागी आडवा झाला. लोकायले वाटलं पेला. त्याच वर्साच्या आगस्टात सर्वे झाला, एका दिवसात सारं राज्य मोजायचं, बशी बंद, दुकानं बंद, बाहेरगावचे लोकं रातोरात घरी आलते मोजून घ्यायले. इकडं पाव्हना दारात आला म्हनजे बिमार मानसालेबी उठून बसवतात, ओला हात तोंडावर फिरवतात, टोपी घालतात. घरातला कर्ता पडेल दिसला म्हनजे सारं घरच पडेल. मायनं तसंच केलं. सकाळीच धोंडीबाकून बापाले आंघोळ घातली, धुतलेलं धोतर नेसवलं, टोपी घातली, आन सदऱ्याच्या आतून तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी कमरेभोवती घेऊन मागच्या खांबाले आवळून बांधलं. चांगल्या हातात तंबाखूची डबी देली. मोजनारा मास्तर आला, तेलुगूत विचारत गेला, माय बोलत गेली, बाप टोपीखालून पाहत गेला. धंदा भाजी. तब्येत ठीक. जाताना मास्तरनं राम राम घातला, बापानं डाव्या हातानं घेतला, मास्तरले त्याचंबी काही वाटलं नाही. मंग धोंडीबानं खांबामागची गाठ सोडली, आन बाप सारा त्याच्या छातीवर आला, टोपीसकट. तवा धोंडीबा नववीत होता. त्या गाठीचं आजबी त्याले आठवते, ती दातानं सोडा लागली होती. नंतर माय मंडलच्या हापिसात बापाची अपंगाची चिठ्ठी मांगाले गेली तं तिथल्यानं कंप्युटरच्या पडद्यावर पायलं आन म्हनला, इथं तं ठीक लिवेल हाय. मायनं तिथून पाऊल उचललं ते पुन्हा हापिसाची पायरी नाही चढली. चढली असती तं म्हना लागलं असतं, मी खोटं बोलले.

“मुख्य काळजी घेणारी व्यक्ती कोण?” बाईनं विचारलं. माय मागून आली होती, हात धुतलेले, पदराले पुसत. “मीच की,” ती म्हनली. “बायको कोन्ची हाय मंग? सारं मीच करते.” धोंडीबा हासला. “सारं? सांग मंग काल पाठीच्या जखमेतून काय आलं.” “गप.” “सांग की. पावडर कोन्ती लावतो आपन, सांग. डब्बा कोन्च्या रंगाचा हाय?” “अरे तू गप बस न बाप्पा!” माय त्याच्याकडं नाही, बाईकडं पाहून म्हनली, आन मंग आवाज खाली आनून, जसं बाजारात भावाचं बोलतात तसं, “बाई, तुमी लिवा सोजरबाई करते म्हून. वयात आलेलं पोरगं हाय. सकाळी मी बाजारात जाते वांगे घेऊन, हा घरात बाया करतात ते करते, बापाचं धुते, चुलीजवळ बसते. गल्लीत त्याले काय म्हनतात म्हाईत हाय तुमाले? उद्या कोन पोरगी देईन ह्याले? तुमच्या कागदात गेलं म्हनजे गेलं सारीकडं.” “हे कुठंही जात नाही हो, नाव काढून टाकतो आम्ही,” बाई म्हनली. “कागद म्हटला म्हनजे जाते,” माय म्हनली. तेही खरं होतं, मायचा कागदाचा अनुभव मोठा होता.

गल्लीत त्याले बायकू म्हनत. शाळेतबी आधी हळू म्हनत, मंग फळ्यावर लिवून ठेवलं, आन धोंडीबानं लिवनाऱ्याचं डोस्कं बेंचाले आपटलं. चार टाके पडले. तवा मानिकराव सर दोनदा घरी आले, बापाले पाहून नाक झाकून गेले, आन तिसऱ्यांदा नाही आले. हजेरीत त्याच्या नावापुढं लिवलं, अभ्यासात रस नाही. बाईनंबी आता तेच विचारलं, शिक्षन सोडायचं कारन, आन तिच्या कागदावर पाच-सहा कारनं छापेल होते. धोंडीबानं वाकून पायलं. बापाचं हागनं-मुतनं असं कोठं नव्हतं. “रस नाही, तेच करा,” तो म्हनला. “खरं तेच का?” “रस होता बे बाई मले!” त्याच्या तोंडून निंगून गेलं, ‘बे’ सकट. माय कपाळाले हात लावून उठली. “करा काय करायचं ते. मले नका दाखवू. माहे वांगे वाळून राह्यले,” आन पाटी डोक्यावर घेऊन ती खरंच चालली गेली, मान ताठ, मागं न पाहता. धोंडीबाले वाटलं जिंकलो. मंग लगेच वाटलं, काय जिंकलो?

पन त्याच्या डोक्यात एक गोष्ट लयी दिवसापासून पक्की बसेल होती. नाक्यावर उभं राह्यलं म्हनजे नागपूरच्या गाड्या इकडून, हैदराबादच्या तिकडून, साऱ्या थांबतात, क्लीनर पोट्टे खिडकीतून थुकतात, हासतात, आन जातात. कोन्च्याबी गाडीत चढता येते. तो चढत नव्हता कारन त्याचं कोठंच काही लिवेल नव्हतं. बिनलिवल्याचा पळून गेला म्हनजे पोट्टं पळालं, कामचुकार, बापाले टाकून गेलं. एकदा कोनी बाहेरच्यानं पेनानं लिवून नेलं, का अडीच वर्स ह्यानं केलं, दुसऱ्या कोनी नाही, ह्यानं, का मंग तो मोकळा. मंग जायचं. असं त्यानं ठरवलं होतं, कोनाले सांगतलं नव्हतं. म्हून तर भांडं बाहेर आनलं होतं. ही बाई त्याच्या कामाची होती, बाकी तिचा अभ्यास गेला खड्ड्यात.

बाईनं मोठा कागद काढला. त्यावर दिवसाच्या चौकटी होत्या, अर्ध्या अर्ध्या घंट्याच्या, पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटेपोतर. “कालचा दिवस सांगा,” ती म्हनली. “उठलात तिथपासून. काही सोडू नका, साधं वाटलं तरी.” काल काय केलं हे त्याले कोनी विचारलंच नव्हतं, कधी. काल म्हनजे परवासारखंच होतं. मंग सांगू लागला आन थांबेचना. चारले बाप घशातून वरडते, कूस बदलायची. खालून हात घालायचा, खांद्याच्या आन कुल्ल्याच्या, एकदम नाही उचलायचं, आधी गुडघा मोडायचा. पाठ पाहायची. ओलं असलं तं काढायचं. पाचले चहा, बशीत गार करून, चमच्यानं, अर्धा बाहेर. सहाले भांडं. दर दोन घंट्याले कूस. “हे दोन तासांचं तुम्हाला नर्सनं सांगितलं?” नाही. हे बापानंच शिकवलं होतं, धडधाकट असताना, बाजारात. वांगे पाटीत घातले म्हनजे वरून चमकतात, पन सडतात खालून, जिथं वजन पडते तिथून. म्हून घडी घडी खालचे वर करायचे, खाली ओलं पोतं टाकायचं. बाप बाजाराच्या दुसऱ्या टोकाले ऐकू जाईल असा वरडायचा, धोंड्या, पालट रे वांगे! गिऱ्हाईक हासायचे. पयल्या पावसाळ्यात बापाच्या पाठीले काळा डाग पडला तवा दवाखान्यातल्यानं मलम देलं आन धोंडीबाले एकदम बाजारच ऐकू आला. तवापासून तो पालटते. हे त्यानं बाईले सांगतलं नाही, नुसतं म्हनला, “आपोआप समजलं.”

बाई लिवत गेली. तिच्या पेनाचा आवाज बारीक होता, भिंतीवरल्या पालीएवढा. एकेक चौकट भरली का धोंडीबाचं आंग गरम होत होतं. त्याले वाटत होतं हे कोनाले तरी फेकून मारता येईल, मास्तरले, चहावाल्याले, हापिसातल्याले, मायले. सकाळी आंघोळ. दात हायेत तिकडून घास, नाहीत तिकडून पानी. बाप थुकते कधी मुद्दाम. डाव्या हातानं मारतेबी, हात लयी जोराचा हाय त्याचा अजून, परवा ह्या इथं लागलं. “का मारलं?” “उशीर झाला म्हून.” धोंडीबाचा आवाज चढत होता, आन तट्टा म्हनजे काही भिंत नव्हती. पल्याड खाट करकरली नाही. बाप एवढा गुपचूप पडून राहात नसे. धोंडीबाले ते कळलं, तरी तो थांबला नाही, उलट तट्ट्याकडं तोंड करूनच बोलू लागला. मांडीचा घाम पुसा लागते. नख्या कापा लागतात, पायाच्या वाकड्या झाल्या. दाढी. नाकातले केसं. बिडी मांगते, धरा लागते तोंडाजवळ, माह्या बोटाले चटका, त्याले मजा.

“दुपारी दोन ते पाच?” बाई म्हनली.

काल दोनले त्यानं बापाले कुशीवर करेल होतं आन बाप काहीतरी मांगत होता, पानी असंल, नाहीतर भांडं, आन धोंडीबा त्याच्या तोंडाकडं पाहत उभा राह्यला होता. बापाचं बोलनं दुसऱ्या कोनाले समजत नाही, मायलेबी नाही. चिखलातून पाय काढल्यासारखे आवाज येतात, त्यातून काय ते धोंडीबालेच निवडता येते. काल त्यानं निवडलं नाही. त्याले समजलं होतं, तरी त्यानं नाही समजलं असं तोंड केलं आन निंगून गेला. नाक्यावर बसला. गाड्या मोजल्या नाहीत, काही केलं नाही, नुसता ऊन अंगावर घेत बसला, चहावाल्यानं काही म्हनलं नाही म्हून त्याचाबी राग आला. पाचले घरी आला तं बाप कमरेपासून गार, गोधडी ओली, आन डोळे उघडे. बाप वरडला नाही. मारलंबी नाही. धोंडीबानं सारं बदललं, दोघं एकमेकांकडं न पाहता. माय यायच्या आत गोधडी धुवून टाकली.

“गेल्तो,” तो म्हनला. “नाक्यावर.” “कामाला?” “नाही. बसाले.” बाईनं त्या चौकटींत काहीतरी घातलं. “काय लिवलं?” “विश्रांती.” “इश्रांती नाही ते!” “मग काय लिहू?” धोंडीबानं तोंड उघडलं. सोडून गेल्तो लिवा. मुद्दाम लिवा. ओल्यात ठेवून गेल्तो. हे सारं जिभेवर आलं आन तट्ट्याकडं पाहून खाली गेलं. “राहू द्या,” तो म्हनला. “इश्रांती तं इश्रांती.”

बाईनं खाली बेरीज केली. बापाजवळचे घंटे कालचे साडेअकरा झाले, तरी ते तीन गेलेले. तिनं त्याच्याकडं पायलं, आता बोटं आखडलेली नव्हती, आन तेच त्याले आवडलं नाही, ती कीव. “खूप आहे हे,” ती म्हनली. “आमच्या कितीतरी घरांपेक्षा.” मुख्य व्यक्तीच्या चौकटीत तिनं लिवलं, मुलगा, वय सतरा. धोंडीबानं ते उलटं वाचलं. एवढंच होतं ते. दोन शब्द आन एक आकडा. त्याले वाटलं होतं मोठं काही तरी होईन आतमधी, दोर तुटल्यासारखं. “झालं न?” “एक राहिलं. ज्यांची काळजी घेतली जाते त्यांनाही एक प्रश्न विचारावा लागतो. ते बोलू शकत असतील तर. आणि त्यांचं जे उत्तर असेल ते तसंच लिहावं लागतं.” “त्याचं नाही समजत तुमाले.” “तुम्ही सांगा ना, ते काय म्हणाले.”

तो तट्ट्याआड गेला ते पाय ओढतच. बाई मागून. बाप उताना पडेल होता, डोळे छतावर, गालाचं हाड वर आलेलं. त्यानं सारं ऐकेल होतं. मांडीचा घाम, नाकातले केसं, थुकनं, सारं, परक्या बाईसमोर, अर्ध्या अर्ध्या घंट्यानं. बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापोतर ज्याचा आवाज जायचा त्याच्याबद्दल. धोंडीबा बापाच्या तोंडाकडं पाहत राह्यला. आता म्हनंल. आता म्हनंल काल दोन ते पाच. आन मले ते ह्या बाईले सांगा लागंल, माह्या तोंडानं, आन नाही सांगतलं तरी आमच्या दोघातलं तिसऱ्या कोनाले काय समजते? खोटं सांगता येते. माय सांगतच होती. “चंपतराव,” बाई वाकून म्हनली, हळू, “तुमचं सगळं कोण करतं?”

बापानं डोळे छतावरून काढले. बाईकडं नाही, पोराकडं आनले. तोंड एका बाजूले वढत, थुकी आवरत, थांबत थांबत, तो लयी वेळ बोलला. एवढं एकदम तो वर्सभरात बोलला नव्हता. धोंडीबाले पयल्या शब्दातच समजलं, पन तो पुढचं ऐकत राह्यला, पुढं काही बदललं तं. नाही बदललं. आन बोलता बोलता, त्या शेवटल्या शब्दावर, बापाच्या मांडीखालची गोधडी काळी होऊ लागली, एक ठिपका, मंग हातभर. बापालेही ते समजलं असंल, कारन त्याची नजर हालली नाही, आनखी ताठ झाली. धोंडीबा अर्धं पाऊल सरकला आन खाटेच्या आन बाईच्या मधात उभा राह्यला, रुंद होऊन.

“काय म्हणाले?”

“म्हनते, कोनी नाही करत. माहं मीच करतो.” त्याचा आवाज त्याले अनोळखी लागला. “म्हनते, पोरगं शाळेत जाते. नववीत हाय. हुशार हाय. त्याले घरचं काही करू नाही देत मी.”

बाईचं पेन थांबलं. तिनं हातातल्या मोठ्या कागदाकडं पायलं, मंग त्याच्याकडं. “खरंच असं म्हणाले?”

“जसं म्हनला तसं सांगतलं. लिवा.”

“पण मग हे? हे साडेअकरा तास?”

“ते तुमी पाहा,” धोंडीबा खाटेजवळून न हालता म्हनला. “मले जा लागते आता.”